‘भारत गृह रक्षा’ विमापत्र आणि भाड्याचे घर : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात एक परीक्षण

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या आदेशाने १ एप्रिल २०२१ पासून राहत्या घरांच्या विम्याकरिता ‘भारत गृह रक्षा’ ह्या नावाचे एक प्रमाणित विमापत्र प्रचारात आले. आगीच्या विम्याचा व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीने ते विक्रीस ठेवावे आणि त्याचा मूळ मजकूर सर्वांचा एकच असावा, असा दंडक त्या वेळी घालण्यात आला. त्यामुळे एखाद्या कंपनीच्या छापील कागदाहून ह्या विमापत्राला निराळे महत्त्व प्राप्त झाले. ते जवळजवळ सार्वजनिक दस्तऐवजाच्या योग्यतेचे ठरले. अशा दस्तऐवजाची चिकित्सा करताना तो लिहिणाऱ्याने कोणते घर आणि कोणता घरमालक डोळ्यांसमोर ठेवला होता, हे विचारणे अप्रस्तुत होणार नाही. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव ह्या तालुक्यांतील भाड्याने दिलेली घरे ह्या प्रश्नाच्या कसोटीसाठी विशेष सोयीची आहेत. कारण विमापत्राच्या कर्त्यांना बहुधा अभिप्रेत असलेले शहरातील सिमेंटचे घर येथे आहे, आणि त्यांच्या कल्पनेत न आलेली तीन-चार प्रकारची घरेही येथेच आहेत.

प्रथम गुणांचा उल्लेख करणे न्याय्य होईल. २०२१ पूर्वी घरमालकाला मिळत असे ते आगीचे व विशिष्ट आपत्तींचे जुने सर्वसाधारण विमापत्र. दरांवरील नियंत्रण १ जानेवारी २००७ पासून उठले, तरी त्याची शब्दरचना दरपत्रकाच्या काळातीलच राहिली होती. त्यात भूकंपासाठी जादा हप्ता भरावा लागे आणि भाड्याच्या नुकसानीसाठी निराळी पुरवणी जोडून घ्यावी लागे. सर्वांत जाचक म्हणजे सरासरीचे कलम. दहा लाखांचे घर चार लाखांनाच विमित केले असेल आणि त्याचे दोन लाखांचे नुकसान झाले, तर मालकाच्या हाती दोन लाख न पडता ऐंशी हजार पडत. उरलेल्या सहा लाखांपुरता तो ‘स्वतःचाच विमादार’ मानला जाई. विमा उतरवूनही भरपाई अर्धवट का मिळाली, हे अशा मालकाला कधीच नीट उमगत नसे. ‘भारत गृह रक्षा’ने हे कलम घरापुरते सर्वस्वी काढून टाकले. विमा रकमेच्या मर्यादेत जे नुकसान झाले असेल ते पूर्ण द्यावयाचे, हे त्याचे तत्त्व आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याच्या टाक्या फुटणे ह्या सर्व आपत्ती एकाच हप्त्यात आल्या. दीर्घ मुदतीच्या विमापत्रात इमारतीची विमा रक्कम दरसाल १० टक्क्यांनी आपोआप वाढते, आणि मुदत १० वर्षांपर्यंत घेता येते. राडारोडा हलवण्यासाठी दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत व वास्तुविशारदाच्या मोबदल्यासाठी ५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळण्याची तरतूदही आहे. शिवाय मजकुरात विमा कंपनी ‘आम्ही’ आणि विमेदार ‘तुम्ही’ अशी सरळ भाषा योजली आहे. विमापत्रांच्या नेहमीच्या, अर्धविरामांनी लांबवलेल्या वाक्यांच्या मानाने ही सुधारणा लहान नव्हे.

आता घरांकडे वळावे. दोन्ही तालुके पूर्व-पश्चिम पसरलेले आहेत. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेने मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही बाजारपेठेची गावे वाढली; तेथे शेतकरी कुटुंबांनी शेतमालाच्या पैशातून घरामागे अगर बांधालगत पाच-दहा खोल्यांच्या चाळी उठवल्या आणि त्या शिक्षक, परिचारिका, बँकांतील कर्मचारी, बाजार समितीतील हमाल व महाविद्यालयीन विद्यार्थी ह्यांना दिल्या. नारायणगावात तमाशाच्या फडांची कार्यालये असल्याने हंगामी बिऱ्हाडेही असतात. शिवनेरीच्या पायथ्याशी असलेल्या जुन्नर शहरात जुने वाडे आहेत : दगडी जोते, वर पांढऱ्या मातीच्या अगर विटांच्या भिंती, सागवानी खण, आणि एका वाड्यात भाऊबंदांचे चार-पाच हिस्से. त्यांतील कित्येक खोल्यांत पिढीजात भाडेकरू राहतात. पश्चिमेस, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आणि माळशेजच्या बाजूला, आदिवासी वाड्यावस्त्या आहेत; तेथे महिन्याच्या भाड्याची चाल कमी, परंतु पावसाळी पर्यटकांना रात्रीपुरती खोली देण्याची चाल अलीकडे वाढली आहे. २०१८ साली जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाल्यापासून ती अधिकच दृढ झाली.

ह्या मालकांपैकी फारच थोडे विमा उतरवतात, आणि त्याचे कारण ग्रामीण माणसाचा निष्काळजीपणा होय, असे सामान्यतः म्हटले जाते. हे मत तपासल्याविना स्वीकारण्याजोगे नाही. पीक, ट्रॅक्टर, दुभती जनावरे ह्यांच्या विम्याशी ह्याच कुटुंबांचा परिचय आहे. घराचा विमा बहुतेकांच्या वाट्याला येतो तो गृहकर्जाच्या कागदांबरोबर. बँकेला तारण सुरक्षित हवे म्हणून. म्हणजे विम्याची कल्पना परकी नाही. परके आहे ते विमापत्रातील घर.

विमापत्राच्या व्याख्येनुसार घर म्हणजे भिंतींनी वेढलेले, छप्पर असलेले, निवासासाठी वापरले जाणारे बांधकाम. मालकाने स्वतः तेथे राहिले पाहिजे, अशी अट ह्या व्याख्येत नाही. आणि भाड्याचे नुकसान भरून देण्याचे वचन ज्या अर्थी ह्याच विमापत्रात आहे, त्या अर्थी भाड्याने दिलेले घर कर्त्यांना अमान्य नव्हते हे उघड आहे. येथवर ठीक. परंतु पुढच्याच तरतुदीत त्यांची दृष्टी पुन्हा स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाकडे वळते. इमारतीचा विमा घेतला की विमा रकमेच्या २० टक्के, परंतु कमाल १० लाख रुपये, इतके घरातील सामानाचे संरक्षण आपोआप मिळते. ही ह्या विमापत्राची सर्वांत जास्त जाहिरात झालेली सोय आहे. भाड्याच्या चाळीत मात्र सामान मालकाचे नसतेच. कपाट, गॅसची शेगडी, शिवणयंत्र, विद्यार्थ्याची पुस्तके हे सर्व भाडेकरूचे. त्याचे नाव विमापत्रात नाही आणि मालकाला त्या वस्तूंत विमायोग्य हितसंबंध नाही. परिणामी मालकाला ह्या सोयीचा उपयोग एखाद्या पंख्यापुरता आणि पाण्याच्या मोटारीपुरता होतो, आणि भाडेकरूला मुळीच होत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या पेठांतील वाडे कोसळले, त्या वेळी मालकाची वास्तू आणि भाडेकरूचे बिऱ्हाड एकाच पाण्यात गेले होते. ती दोन नुकसाने निराळ्या माणसांची होती, ही साधी गोष्ट साठ वर्षांनंतरच्या मसुद्यातही पुरेशी उमटलेली दिसत नाही. भाडेकरूला केवळ सामानाचा विमा स्वतंत्रपणे घेता येतो हे खरे, परंतु तसे त्याला कोणी सांगत नाही. अमेरिकेत स्वतः राहणाऱ्या मालकाचे, घर भाड्याने देणाऱ्याचे आणि भाडेकरूचे अशी तीन निरनिराळी विमापत्रे रूढ आहेत. त्या व्यवस्थेचे इतर दोष काहीही असोत, कोणाचे काय गेले हा घोटाळा तीत होत नाही.

भाड्याच्या नुकसानीची तरतूद हा मालकाच्या दृष्टीने ह्या विमापत्राचा गाभा होय. विमित आपत्तीमुळे घर राहण्यास अयोग्य झाले, तर दुरुस्तीस वाजवी जो काळ लागेल त्या काळातील बुडालेले भाडे, जास्तीत जास्त ३ वर्षांपर्यंत, कंपनीने द्यावयाचे आहे. समजा, मंचरच्या एका मालकाच्या सहा खोल्या प्रत्येकी तीन हजार रुपये दरमहा भाड्याने दिल्या आहेत. वर्षाचे भाडे २ लाख १६ हजार होते. दुरुस्तीस आठ महिने लागले तर बुडालेले भाडे १ लाख ४४ हजार. लहान मालकाला ही रक्कम भिंतींच्या भरपाईइतकीच मोलाची असते, कारण बांधकामाच्या कर्जाचा हप्ता भाड्यातूनच जात असतो. प्रश्न उरतो तो पुराव्याचा. ह्या भागातील बहुसंख्य व्यवहार तोंडी होतात. फार तर वहीत नाव आणि अनामत रक्कम लिहिलेली असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या ५५ व्या कलमाने भाड्याचा अगर अनुज्ञेचा करार लेखी व नोंदणीकृत असावा असे बंधन घातले आहे आणि ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. परंतु तो कायदा परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांपुरताच लागू आहे. जेथे तो लागू नाही तेथे अकरा महिन्यांचा व्यवहार कागदाविना चालू शकतो, आणि चालतोही. असा मालक दावा घेऊन गेला असता खोली रिकामी होती की भरलेली, भाडे तीन हजार की पंधराशे, हे ठरवण्यास पाहणीदाराजवळ मालकाच्या शब्दापलीकडे काही नसते. विमापत्राने येथे थोडे पुढे पाऊल टाकून, करारपत्र नसल्यास बँकेतील जमा, भाडेकरूचे प्रतिज्ञापत्र, त्याच गल्लीतील तुल्य भाडे ह्यांपैकी काय चालेल, हे स्पष्ट सांगितले असते तर त्या तरतुदीला अर्थ आला असता.

ह्यात आणखी एक शब्दाचा गुंता आहे. ‘अनुज्ञा व परवानगी’च्या करारात मालकाला मिळते ते कायद्याच्या भाषेत भाडे नसून अनुज्ञाशुल्क असते. दोहोंत घरमालक भेद करीत नाही, समंजस पाहणीदारही करणार नाही. परंतु कायदा करतो, आणि आपत्तीनंतरचे परिणामही निराळे होतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या १०८ व्या कलमानुसार आगीने, पुराने वा वादळाने घराचा महत्त्वाचा भाग नष्ट अगर कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेपट्टा रद्द समजण्याचा विकल्प भाडेकरूला असतो. त्याने तो वापरला नाही तर पट्टा जिवंत राहतो. जुन्नरच्या वाड्यातील जुना भाडेकरू हा विकल्प सहसा वापरीत नाही, कारण खोलीवरील हक्क सुटेल ही त्याला धास्ती असते. उलट अनुज्ञेची वस्तूच नष्ट झाली तर भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार अनुज्ञा संपुष्टात आली असे मानले जाते. म्हणजे चाळीच्या मालकाचे उत्पन्न त्याच दिवशी थांबते, तर वाड्याच्या मालकाला मिळत नसलेल्या भाड्यासह भाडेकरूचा हक्कही सांभाळावा लागतो. एकाच शब्दाखाली दोन भिन्न नुकसाने झाकली गेली आहेत.

परंतु ह्या तालुक्यांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर कलम दरडीचे आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. चाळीसांहून अधिक घरे गाडली गेली आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर रायगड जिल्ह्यात तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) येथे तेच घडले. दरड ही आता सह्याद्रीच्या उतारावरील घराची अपवादात्मक आपत्ती राहिलेली नाही. ‘भारत गृह रक्षा’त जमीन खचणे, दरड व खडक कोसळणे ह्यांचा समावेश आहे, आणि तो असल्याबद्दल कर्त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. तथापि लगेच खाली अपवाद येतात : नव्या बांधकामाचे नेहमीचे बसणे व तडे, भराव टाकलेल्या जमिनीचे खचणे वा सरकणे, नदीमुळे होणारी धूप, सदोष आराखडा, कारागिरी वा साहित्य, तसेच पाडकाम, बांधकाम, खोदकाम ह्यांमुळे झालेले नुकसान.

सपाट प्रदेशात हे अपवाद रास्त आहेत. शेजाऱ्याने तळघर खणले म्हणून भिंत गेली, तर त्याचा भार त्याच्यावर पडावा हे योग्यच. डोंगरउतारावर मात्र सपाट जागा निसर्गतः नसतेच. वरची बाजू कापावयाची आणि निघालेली माती खालच्या बाजूस भरावयाची, ह्याच रीतीने तेथे घराचे जोते तयार होते. भातखाचरेही त्याच रीतीने पडतात. म्हणजे घाटाखालील जवळजवळ प्रत्येक घर अंशतः खोदकामावर आणि अंशतः भरावावर उभे असते. माळीणच्या दुर्घटनेनंतर कारण अतिवृष्टी की पडकई योजनेतील यंत्राने केलेले सपाटीकरण, ह्यावर मोठा वाद झाला होता. तो वाद शास्त्रज्ञांचा व प्रशासनाचा होता. परंतु विमा असता तर तोच वाद दाव्याचा निकाल ठरला असता. पाऊस हे निकट कारण मानले तर भरपाई पूर्ण, खोदकाम मानले तर शून्य. पुनर्वसित माळीणमधील नव्या घरांचा ताबा एप्रिल २०१७ मध्ये देण्यात आला आणि त्याच वर्षाच्या पहिल्या पावसात तेथे जमिनीला व बांधकामांना तडे गेल्याच्या तक्रारी उठल्या. त्या घरांना हे विमापत्र लावून पाहिले, तर नव्या बांधकामाचे बसणे, भरावाचे खचणे आणि सदोष कारागिरी असे तीन अपवाद एकदम आडवे येतात. अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो, आणि संदिग्ध शब्दाचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा हे तत्त्व भारतीय न्यायालयांनीही मानले आहे. पुण्यात विमा लोकपालाचे कार्यालय असून तेथे तक्रारीस शुल्क नाही. ही साधने मोलाची खरी. परंतु डोंगराच्या कुशीतील मालकाने ती दरड कोसळल्यानंतर शोधावीत, ह्यापेक्षा ‘पिढीजात वसलेल्या गावठाणातील भराव हा ह्या अपवादाच्या अर्थाने भराव नव्हे’ असे एक वाक्य मसुद्यात घालणे अधिक स्वस्त पडले असते.

वाड्यांचा प्रश्न वेगळ्या वळणाचा आहे. विमापत्र इमारतीचे मूल्य ठरवते ते चटईक्षेत्राला बांधकामाच्या दराने गुणून. जमिनीची किंमत त्यात येत नाही. ते योग्यच, कारण जमीन जळत नाही. पण जुन्नरात घर खणांत मोजले जाते, आणि चटईक्षेत्र काढावयाचे तर तीन फूट जाडीच्या भिंती वगळाव्या लागतात. ज्या भिंतीत सर्वांत अधिक साहित्य आणि मजुरी आहे तीच हिशेबाबाहेर राहते, आणि दर लावला जातो तो सहा इंची विटांच्या बांधकामाचा. सागवानी खांब-तुळ्या पुन्हा उभ्या करण्याचा खर्च त्या दरात बसत नाही. सरासरीचे कलम गेले असल्याने अंशतः नुकसानीत मालक तरून जातो. वाडा सबंध कोसळला तर मात्र विमा रक्कम हीच मर्यादा. ‘कच्च्या’ बांधकामाची विमा-व्यवसायातील व्याख्याही येथे चमत्कारिक ठरते. तिच्यात फळ्या, गवत, पाने, बांबू, ताडपत्री ह्यांच्या भिंती वा छप्परे येतात. पांढऱ्या मातीचा उल्लेख नाही. त्यामुळे शंभर वर्षे उभा असलेला मातीचा वाडा पक्का मानावयाचा की नाही, हे पाहणीदाराच्या मर्जीवर राहते, आणि पश्चिमेकडील कारवीच्या कुडाचे घर मात्र निःसंशय कच्चे ठरते. त्यातून वाडे पडतात ते बहुधा वादळाने नव्हे, तर सात-आठ दिवसांच्या झडीने भिंत भिजून. ते झिजेचे नुकसान की पावसाचे, ह्याचे उत्तर प्रत्येक पावसाळ्यात नव्याने द्यावे लागते. झीज कोणताही विमा भरून देत नाही. दुरुस्ती मालकाने करावी असा कायदा आणि भाडे चाळीस वर्षांपूर्वीचे, अशा स्थितीत ती झीज कोणाच्या खाती मांडावयाची, हा प्रश्न विमाशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे.

मालकीच्या कागदाचीही अडचण आहे. गावठाणातील घराच्या मालकाजवळ बहुधा ग्रामपंचायतीचा नमुना क्रमांक ८ चा उतारा असतो. तो करआकारणीचा दाखला असून मालकी सिद्ध करीत नाही. ड्रोनद्वारे गावठाण मोजून मिळकत पत्रिका देण्याचा उपक्रम पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे, प्रथम आकाराला आला आणि २०२० पासून ‘स्वामित्व’ योजनेने देशभर गेला. पत्रिका हाती आली तरी समाईक वाड्यात एका हिस्सेदाराने स्वतःपुरता उतरवलेला विमा त्याच्या हिश्शापुरताच ठरतो. एकाच छपराखाली एका खणाला विमा आणि शेजारच्याला नाही, अशी स्थिती उद्भवते.

दायित्वाच्या बाबतीत हे विमापत्र मौन आहे. भिंत पडून भाडेकरू दगावला, जुनाट विजेच्या तारेने मूल भाजले, तर मालकावर येणारी भरपाईची जबाबदारी त्यात नाही; ती निराळ्या विम्याने अगर कंपनीच्या पुरवणीने घ्यावी लागते. पुण्यात कोंढवा येथे जून २०१९ मध्ये संरक्षक भिंत कोसळून १५ जणांचा बळी गेला. बांधकामाच्या मालकीबरोबर दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी कशी येते, हे तेथे दिसले. सहा खोल्यांच्या चाळीत वीस माणसे झोपत असतील, तर मालकाचा मोठा धोका भिंती जाण्याचा नसून हाच आहे.

राहता राहिली पर्यटकांची खोली. माळशेज वा भीमाशंकरच्या वाटेवर शनिवार-रविवार भाड्याने जाणारी खोली, जिच्यात सोमवार ते शुक्रवार घरचीच माणसे झोपतात, ती निवास की व्यवसाय? विमापत्र निवासी वापरावर उभे आहे आणि वापर बदलल्यास कंपनीस कळवावे, ही विमेदाराची जबाबदारी विमाकायद्याच्या मूळ तत्त्वातूनच येते. पण आठवड्यातून दोनदा बदलणारा वापर कळवावयाचा कसा? राज्य शासनाने २०२० मध्ये कृषिपर्यटनाचे धोरण आखले, त्यातून अशा खोल्यांना उत्तेजन मिळाले. विम्याचा मसुदा दुसऱ्याच वर्षी आला, तरी एकाची दुसऱ्याला ओळख दिसत नाही. प्रस्तावपत्रात ‘घरात कोण राहते’ ह्या प्रश्नापुढे स्वतः, मासिक भाडेकरू, पाहुणे-प्रवासी असे तीन चौकोन छापून, एकाहून अधिकांवर खूण करण्याची मुभा ठेवली, तर वर सांगितलेल्या वादांपैकी निदान निवासाच्या व सामानाच्या संबंधीचे वाद हप्ता भरण्यापूर्वीच मिटू शकतात.